मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एक, तास अनेक

अमेरिकेला पोचायला किती तास लागतात, हा प्रश्न सांगलीत तीन जणांना विचारला तर तीन उत्तरं मिळतात. एकजण म्हणतो पंधरा तास. दुसरा म्हणतो चोवीस. शेजारच्या काकू सांगतात, घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात पाऊल टाकेपर्यंत पुरे दोन दिवस गेले. तिघंही खरंच बोलत असतात, फक्त प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी असते.

मुलं परदेशातून तिकिटाची पीडीएफ पाठवतात आणि आईवडिलांना सगळं कळलं असं धरून चालतात. पण पहिल्यांदाच एकट्याने निघालेल्या माणसाला त्या कागदावरचे आकडे कुणी बसून उलगडून सांगितलेले नसतात. निघताना रात्रीचा दीड, उतरताना सकाळचे पावणेसात, मग प्रवास पाच तासांचाच कसा? की तारीखच चुकली? मला मनापासून वाटतं की हे आकडे ज्याला वाचता येतात, त्याची प्रवासाची निम्मी धास्ती तिथेच उतरते. गणित सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही.

अंतर कसं मोजतात

रस्त्याचं अंतर मोजायला रस्ता लागतो. सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, पुणे असं करत मुंबई विमानतळ साधारण ३८० किलोमीटर पडतं. तेच दोन बिंदू सरळ रेषेत जोडले तर अंतर ३१० किलोमीटरच्या आसपास येतं. मधले सत्तर किलोमीटर घाटांनी, वळणांनी आणि वाटेतल्या गावांनी घातलेले. विमानाच्या अंतराचा आकडा हा असा सरळ जोडलेला असतो, पण पृथ्वी गोल असल्यामुळे ही ‘सरळ’ रेषाही मुळात कमानीसारखी वाकलेली असते.

प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले आहेत. मुंबई साधारण १९ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्वेला, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ साडेचाळीस अंश उत्तर आणि ७४ अंश पश्चिमेला. या दोन ठिकाणांपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत दोन रेषा ओढल्या अशी कल्पना करा. त्या रेषांमध्ये जो कोन होतो तो येतो जवळपास ११२.७ अंश. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आणि पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणून एका अंशाला पृष्ठभागावर १११ किलोमीटरच्या थोडं वर अंतर पडतं. ११२.७ला १११.२ने गुणा, १२,५०० किलोमीटरच्या जवळचा आकडा मिळतो. इंटरनेटवर अंतर सांगणारी सगळी यंत्रणा मुळात एवढंच करते.

वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, ते नॉटिकल मैलात बोलतात, आणि तो मैलही याच कोनातून आलेला आहे. एका अंशाचे साठ भाग केले की एका भागाचं अंतर म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर.

दोन वेबसाइटवर आकडे दहा-वीस किलोमीटरने वेगळे दिसले तर गोंधळून जाऊ नका. पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६,३५७. कुणी तिला गोल धरून हिशेब करतो, कुणी चपटेपणा धरून. उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो.

आणि जगात कुठलंही ठिकाण आपल्यापासून २०,००० किलोमीटरपेक्षा फारसं दूर असूच शकत नाही, कारण त्यानंतर आपण पलीकडून परत जवळ यायला लागतो. सांगलीच्या बरोबर विरुद्ध टोकाला दक्षिण पॅसिफिक महासागर आहे, ईस्टर बेटाच्या उत्तरेला हजार-बाराशे किलोमीटरवर. तिथे नुसतं पाणी.

विमान वर रशियाकडे का वळतं

समोरच्या सीटच्या पडद्यावर नकाशा पाहताना बहुतेकांना हा प्रश्न पडतो. न्यूयॉर्क पश्चिमेला, मग विमान उत्तरेकडे वाकडं का चाललंय? पेट्रोल वाया नाही का जात?

दोष विमानाचा नाही, सपाट नकाशाचा आहे. आपण शाळेत भिंतीवर पाहिलेले बरेच नकाशे गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली मांडलेल्या पद्धतीचे असतात. जहाजांना दिशा धरून जायला ती पद्धत उत्तम, पण तिच्यात ध्रुवाकडचे प्रदेश भयंकर ताणले जातात. अशा नकाशावर ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट मोठं दिसतं. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि भारत ३२.९ लाख. जो नकाशा क्षेत्रफळात इतका फसवतो, त्याच्यावर पट्टी ठेवून रेषा मारली तर ती सर्वांत जवळची वाट कशी असेल?

घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. मुंबईतून निघताना तो पश्चिमेपेक्षा उत्तरेच्या जास्त जवळ असतो. पुढे पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड-नॉर्वे, आइसलंडच्या पूर्वेचा समुद्र, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर आणि मग न्यूयॉर्क. वाटेत सर्वांत उत्तरेला तो जवळपास ६५ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या उंबऱ्यापर्यंत. भूगोलात याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या वाटेने गेलं तर अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतं. दोऱ्याच्या वाटेने १२,५००. सतराशे किलोमीटर वाचतात, म्हणजे जवळपास दोन तास.

हा प्रयोग नातवंडांबरोबर जरूर करा. पुस्तकातल्या आकृतीने जे पटत नाही ते बोटाखालच्या दोऱ्याने पटतं.

अंतरावरून तासांकडे

मोठी जेट विमानं दहा ते बारा किलोमीटर उंचीवर उडतात. तिथे हवा विरळ, त्यामुळे अडथळा कमी आणि इंधनाची बचत. तिथलं तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं आणि त्या थंडीत आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या घरात येतो. बोइंग ७७७ सारखं विमान आवाजाच्या वेगाच्या ८४ टक्के वेगाने जातं, म्हणजे ताशी सुमारे ८९० किलोमीटर. देशात आणि दुबईला जाणारी लहान जेट त्याहून थोडी हळू.

यावरून एक ढोबळ हिशेब बसवता येतो. लहान जेट असेल तर अंतराला ८०० ने भागा, मोठं असेल तर ९०० ने, आणि वर पाऊण तास धरा. मुंबई-दिल्ली ११४० किलोमीटर: हिशेब येतो दोन तास दहा मिनिटं. मुंबई-दुबई १९३० किलोमीटर: तीन तास दहा मिनिटं. विटा-आटपाडीकडच्या आमच्या गलाई व्यावसायिकांनी (म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांनी) आता पुण्याहून कोलकात्याचं विमान धरायचं ठरवलं तर अंतर १५८० किलोमीटर, म्हणजे पावणेतीन तासांच्या आत. तिकिटावरच्या वेळा याच्याच आसपास सापडतील.

हा पाऊण तास कशाचा? तिकिटावरचा काळ विमान जमिनीवरून उठल्यापासून मोजत नाहीत. गेटवरून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडच्या गेटवर चाकं थांबली की बंद होतं. यात धावपट्टीकडे रांगेत सरकणं आलं, चढताना आणि उतरताना कमी वेगाने जाणं आलं. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोमाने वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी विमानांना हवेत घिरट्या घालाव्या लागतात. विमान कंपन्या हे सगळं धरून वेळ थोडी सैल ठेवतात. म्हणून कधीकधी विमान ‘वेळेआधी’ पोचतं.

वारा

आता सर्वांत रंजक भाग. वरच्या ढोबळ हिशेबाने मुंबई-लंडन, ७२०० किलोमीटर, पावणेनऊ तास येतात. लंडनहून मुंबईला येताना तेवढेच लागतात. जाताना मात्र साडेनऊ-दहा, कधी त्याहूनही जास्त. अंतर तेच, विमान तेच, आणि तासाभराचा फरक.

सांगलीच्या घाटावर पोहायला शिकलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. कृष्णेच्या धारेबरोबर पोहताना काठावरची झाडं झपाझप मागे पडतात, धारेविरुद्ध तेवढेच हात मारले तर माणूस जेमतेम पुढे सरकतो. विमान हवेत पोहतं. त्याचा ९००चा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नव्हे. हवाच ताशी १०० किलोमीटरने पुढे चालली असेल तर जमिनीवरून पाहता वेग १००० होतो, समोरून आली तर ८००.

उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात तीनशेच्याही वर जातो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्यांनी आपला अहवाल एस्परँतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापला आणि बाहेरच्या जगाचं त्याकडे लक्षच गेलं नाही. केवढं मोठं काम, आणि वाचणारं कुणी नाही, याची मला फार चुटपुट लागते.

९ फेब्रुवारी २०२० रोजी अशाच एका वादळी प्रवाहावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला साडेसहा तास लागतात.

पण माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच देशाचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट बाजूने, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर! चौदाशे किलोमीटर जास्त उडून वेळ कमी, कारण सगळी वाट वारा पाठीशी. लांबची वाट जवळची ठरू शकते, ती अशी.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो का? नाही, आणि हे कागदावर करून पाहण्यासारखं आहे. ६,००० किलोमीटरचं अंतर, वेग ९००, वारा १००. विरुद्ध जाताना साडेसात तास, बरोबर येताना सहा. एकूण साडेतेरा. वारा नसता तर दोन्ही मिळून तेरा तास वीस मिनिटं. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा.

पावसाळ्यात आपल्या डोक्यावर तर वेगळाच खेळ चालतो. जुलैत जमिनीलगत पश्चिमेचा मोसमी वारा कोयनेच्या खोऱ्यात पाऊस ओततो, आणि त्याच वेळी खूप उंचावर दक्षिण भारतावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरदार प्रवाह वाहत असतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. खाली एक दिशा, वर बरोबर उलटी.

एक शंका मुलं हमखास काढतात. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर तरंगत राहिलं तर अमेरिका स्वतःच खाली येणार नाही का? सांगलीच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,६०० किलोमीटर वेगाने फिरते हे खरं. पण तिच्याबरोबर हवाही फिरते, आणि विमानही उडण्याआधीपासून त्याच वेगाने चाललेलं असतं. त्यामुळे त्याचा थेट फायदा नाही की तोटाही नाही. फरक पडतो तो हवेच्या स्वतःच्या वाहण्याने.

आकाशालाही वेशी असतात

दोऱ्याने दाखवलेली वाट दर वेळी मोकळी नसते. प्रत्येक देशाच्या वरचं आकाश त्या देशाचं. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेवलं होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद झालं. मग युरोप-अमेरिकेची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालतात. दिल्लीच्या विमानांना हा वळसा जास्त जाचतो, मुंबईच्या थोडा कमी, कारण मुंबईला समुद्र लगेच सापडतो. रशियाचं आकाश २०२२ पासून युरोपीय कंपन्यांना बंद आहे. फिनलंडच्या फिनएअरचं हेलसिंकी-टोकियो विमान पूर्वी साडेनऊ तासांत जायचं, त्याला आता तेराच्या आसपास लागतात.

तिबेटच्या पठारावरून विमानं सहसा जात नाहीत, त्याचं कारण राजकारण नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. तिथे जमीनच त्याहून उंच आहे. खाली यायला जागा नाही.

घड्याळं

तिकिटावर छापलेल्या दोन वेळा दोन वेगवेगळ्या घड्याळांच्या असतात: निघण्याची वेळ निघालेल्या गावची, पोचण्याची वेळ पोचलेल्या गावची. त्यांची सरळ वजाबाकी कधीच करू नका.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून घेतली आहे, म्हणून ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, न्यूयॉर्क साडेदहा तास, सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, त्यामुळे तिन्ही फरक एकेका तासाने कमी होतात. दुबई बारा महिने दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे.

हिशेबाची सोपी रीत अशी की दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणायच्या. समजा जानेवारीत लंडनहून सकाळी साडेनऊला निघालात आणि मुंबईत रात्री पावणेबाराला उतरलात. नुसती वजाबाकी सव्वाचौदा तास सांगते. पण लंडनचे साडेनऊ म्हणजे आपले दुपारचे तीन. तीनपासून पावणेबारा, पावणेनऊ तास. बरोबर.

वेळेच्या शेजारी ‘+१’ छापलेलं असेल तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. पॅसिफिकवरून अमेरिकेला जाताना तर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते, आणि पंधरा-सोळा तास उडूनही माणूस त्याच तारखेला, निघालेल्या वेळेच्या आसपासच उतरतो. तिकीट चुकलेलं नसतं.

सांगलीच्या दारापासून

सांगलीत कवलापूरच्या विमानतळाची चर्चा कित्येक वर्षं चालली आहे. तोवर आपल्याला कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबई गाठणं भाग आहे. कोल्हापूरहून मुंबईचं विमान सोयीच्या वेळेला मिळालं तर रस्त्याचा शीण वाचतो. पण ते तिकीट आणि परदेशाचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल, आणि धुक्या-पावसाने पहिलं विमान लांबलं, तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही बुडू शकतात. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. आईवडील एकटे जात असतील तर या एका गोष्टीसाठी थोडे पैसे जास्त द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

दुबईमार्गे गेल्याने अंतर फार वाढत नाही, हेही लक्षात घ्या. मुंबई-दुबई १९३० आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०००, म्हणजे थेट वाटेपेक्षा चार-साडेचारशे किलोमीटरच जास्त. तास वाढतात ते मधल्या थांब्याने. तो दोन तासांपेक्षा कमी असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाची धावपळ होते, आठ तासांचा असेल तर खुर्चीत बसून अंग आंबतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा.

आता सगळं एकत्र जोडून पाहू. समजा विमान १५ जानेवारीला रात्री दीडला, मुंबईहून थेट न्यूयॉर्क, उड्डाण पावणेसोळा तासांचं. रात्री दीड म्हणजे १४ तारखेची जेवणं उरकल्यानंतरचा दीड! ही तारखेची चूक सर्वांत महाग पडते. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १४ तारखेला रात्री साडेदहाला हजर. सांगलीहून गाडीचे सात-आठ तास, खंबाटकी आणि एक्स्प्रेसवेवरच्या कोंडीसाठी आणखी दोन. म्हणजे १४ तारखेला दुपारी साडेबाराला घर सोडायचं. विमान पोचेल तेव्हा सांगलीत १५ तारखेची संध्याकाळचे सव्वापाच झालेले असतील, न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेची सकाळचे पावणेसात. घर सोडून पावणेएकोणतीस तास झाले. इमिग्रेशन, सामान आणि लेकीच्या घरापर्यंतची गाडी धरून एकतीस-बत्तीस.

या एवढ्या वेळात मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय करायचं, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचाराच. तिकडची घड्याळं साडेदहा तास मागे असली तरी शरीराचे तास सलग चालू असतात. कोणती गोळी भारतीय वेळेनुसार कधी घ्यायची, हे कागदावर लिहून घ्या, पोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, आणि गोळ्या व ती चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.